दारू सोडवायला न्यूरोफीडबॅक : कुणाला अनुभव आहे का?

पारिजातक | सोमवार, रात्री ११:१०

मंडळी, खूप दिवसांनी लिहितेय, तेही अडचण म्हणून. विषय धाकट्या भावाचा आहे. वय ४१, नोकरी अजून टिकून आहे (कशी ते देव जाणे), रोजची एक क्वार्टर दीड वर्षात दोनवर गेली. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. पहिल्यांदा सात महिने टिकला, दुसऱ्यांदा पाच आठवडे. आता केंद्राचं नाव काढलं की उठून जातो.

मागच्या आठवड्यात त्याने स्वतःच एका क्लिनिकचं माहितीपत्रक आणून माझ्या हातात दिलं. 'ब्रेन इमेजिंग न्यूरोफीडबॅक'. डोक्यावर टोपी घालून संगणकासमोर बसायचं, मेंदू स्वतःच स्वतःला सुधारायला शिकतो, असं काहीसं. ३० बैठका, ७५ हजार. माहितीपत्रकावर मेंदूची लाल-पिवळी चित्रं. वहिनी म्हणते पैसे पाण्यात. मला प्रश्न पडलाय तो वेगळाच : चार वर्षांत हा माणूस पहिल्यांदा आपणहून 'मला उपचार घ्यायचेत' म्हणतोय. ते वाक्य मोडायची हिंमत होत नाही.

हे खरंच चालतं का? कुणी केलंय? पाचशे रुपये भरून नाव नोंदवलंय, शनिवारी पहिली बैठक आहे.

खेकडा | सोमवार, रात्री ११:३२

मेंदूचा फीडबॅक ७५ हजार! आमच्या घरी तो रोज फुकट मिळतो, तोही टोपी न घालता.

मृद्गंध | सोमवार, रात्री ११:४०

खेकडा, प्रत्येक धाग्यावर नांगी मारलीच पाहिजे का? पारिजातक, वाचतेय. माझ्या सासऱ्यांचं असंच होतं.

चुंबकवाला | मंगळवार, सकाळी ७:०५

मी एमआरआय विभागात तंत्रज्ञ आहे, १६ वर्षं झाली. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण इथे मोठी गल्लत आहे.

माहितीपत्रकावर लाल-पिवळे ठिपके असलेली चित्रं आहेत ना, ती एफएमआरआयची, म्हणजे मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणाऱ्या एमआरआयची. त्यासाठी बोगद्यासारख्या यंत्रात आडवं पडावं लागतं. ३ टेस्लाचं चुंबक, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण ६० हजार पट. ठकठक आवाज एवढा की कानात बोळे घालूनच आत सोडतो. आणि ताई, 'डोक्यावर टोपी' म्हणजे तर ईईजी. टाळूवर इलेक्ट्रोड चिकटवून विजेचे बारीक चढउतार मोजायचे. चित्र एका यंत्राचं आणि उपचार दुसऱ्याचा, असा मामला दिसतोय. फार तर ईईजीवरून संगणकाने रंगवलेला नकाशा देतील. तोही लाल-निळा असतो, म्हणून सगळ्यांना सारखंच वाटतं.

फरक साधा नाही. दारूची तलफ ज्या भागांशी जोडतात त्यातला एक मुख्य भाग, व्हेंट्रल स्ट्रायटम, मेंदूत पार खोल आहे. वाड्याच्या बाहेर कान लावून माजघरातलं भांडण ऐकावं तसं टाळूवरून त्याचं ऐकू येतं, म्हणजे जवळजवळ नाहीच. एफएमआरआयमध्ये तो भाग दिसतो, पण तिथेही आपण पेशींचं काम पाहत नसतो. जिथे काम वाढतं तिथे प्राणवायूने भरलेलं रक्त धावतं, ते पाहतो. ही युक्ती सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवली. रक्त पोचायला पाच-सहा सेकंद लागतात, त्यामुळे पडद्यावर जे दिसतं ते मघाशी होऊन गेलेलं असतं.

आणि आमच्या खात्याचं दुखणं : डोकं दोन-तीन मिलिमीटर हललं तरी चित्र बिघडतं. हात थरथरणाऱ्या माणसाला त्यात अर्धा तास निश्चल झोपवून दाखवा, मी फेटा बांधून सत्कार करतो.

तर्कट | मंगळवार, सकाळी ९:२०

चुंबकवाला, झकास. माजघराचं उदाहरण मी चोरणार आहे.

आता इतिहास. ईईजी न्यूरोफीडबॅकने दारू सुटते हा दावा ज्याच्यावर उभा आहे तो प्रयोग १९८९ चा. पेनिस्टन आणि कुलकोस्की, कोलोरॅडो, निवृत्त सैनिकांचं रुग्णालय. प्रशिक्षण मिळालेले मद्यपी किती? दहा. तुलनेला दुसरे दहा. डोळे मिटून मेंदूच्या अल्फा आणि थीटा नावाच्या संथ लहरी वाढवायच्या, लहरी वाढल्या की कानात सूर वाजतो. दहातले बहुतेक जण वर्षभरानंतरही सावरलेले होते म्हणे. शोधनिबंध गाजला आणि 'पेनिस्टन पद्धत' म्हणून दुकानं निघाली. गंमत अशी की त्याच दहा जणांना हात गरम करायचं बायोफीडबॅकही शिकवलं होतं आणि 'मी दारू नाकारतोय' असं मनात रंगवायलाही लावलं होतं. मग गुण कशाचा? लहरींचा, कल्पनाचित्राचा, की कुणीतरी रोज तासभर आपल्याकडे लक्ष देतंय याचा?

लहान मुलांच्या एडीएचडीसाठीही (लक्ष न लागणं, अतिचंचलपणा) हेच तंत्र जोरात विकलं जातं. अमेरिकेत शेवटी त्याची नीट चाचणी झाली. अर्ध्याहून कमी मुलांना खोटा फीडबॅक दिला, कुणाला काय मिळतंय हे मुलांनाही ठाऊक नाही आणि पालकांनाही नाही. २०२१ मध्ये निकाल छापून आला : दोन्ही गट सुधारले, फरक काहीच नाही.

आणि एफएमआरआयच्या रंगांना भुलणाऱ्यांसाठी : २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि मंडळींनी बाजारातून आणलेला सामन मासा यंत्रात ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवून 'यांच्या मनात काय भावना आहे' असं विचारलं. हजारो ठिकाणं एकदम तपासताना योगायोग गाळणारी गणिती दुरुस्ती केली नाही तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही ठिपका उजळतो, हे दाखवायचं होतं. २०१२ चं इग नोबेल (आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं त्यांना.

खेकडा | मंगळवार, सकाळी ९:४१

मेलेली सुरमई विचार करते, आमचे साहेब जिवंत असून करत नाहीत.

राइनकाठ | मंगळवार, दुपारी २:१५

तर्कट, माशाची गोष्ट त्या गणिती दुरुस्तीची आहे. ती दुरुस्ती करतात, म्हणून सगळं एफएमआरआय बाद होत नाही. अर्धी गोष्ट सांगून टाळ्या घेऊ नका.

मी जर्मनीत, मानहाइमच्या जवळ राहते. पेशाने आकडेमोडीवाली, डॉक्टर नाही. इथल्या मानसिक आरोग्याच्या केंद्रीय संस्थेतलं एक काम मला आवडतं. भरपूर पिणारे पण व्यसनी नसलेले ३८ विद्यार्थी, तीन गट. पहिल्या गटाला पडद्यावर दारूची चित्रं आणि सोबत स्वतःच्या व्हेंट्रल स्ट्रायटमचं 'तापमान' एका पट्टीवर दाखवायचे. काम एकच : पट्टी खाली आणा. दुसऱ्या गटालाही पट्टी दिसायची, पण ती पहिल्या गटातल्या कुणाचीतरी! म्हणजे हा बिचारा जीव तोडून प्रयत्न करतोय आणि हलतोय दुसऱ्याचाच पारा. तिसऱ्या गटाला पट्टीच नाही. खरी पट्टी बघणाऱ्यांनाच तो भाग शांत करता आला. २०१६ मध्ये छापून आलं. त्याच्या आधी, २०१५ मध्ये, म्युनिकच्या गटाने प्रत्यक्ष दारूच्या रुग्णांवर असाच प्रयोग केला होता.

मला यात जादू दिसत नाही, पण कचराही दिसत नाही. यंत्रात असताना मेंदूचा एक भाग दाबता येतो, इथपर्यंत पुरावा आहे. तिथून 'शुक्रवारी संध्याकाळी मित्रांसोबत असताना प्यायला नाही' इथपर्यंतचा रस्ता लांब आहे, आणि त्यावर ७५ हजारांचा टोल लावण्याइतकं बांधकाम झालेलं नाही.

कुतूहलापोटी अजून एक. चुंबकीय लहरींनी मेंदूला बाहेरून चेतवायचं एक यंत्र आहे. त्याला अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना परवानगी देणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये सिगारेट सोडवण्यासाठी मान्यता दिली. पण तो वेगळा प्रकार. त्यात यंत्र मेंदूला काहीतरी करतं, न्यूरोफीडबॅकमध्ये ते फक्त आरसा धरतं.

आंबेमोहर | मंगळवार, दुपारी ३:००

आरसाच हवा तर इगतपुरीला जा. दहा दिवस विपश्यना, पैसे लागत नाहीत.

तर्कट | मंगळवार, दुपारी ३:१२

दिवसाला दोन क्वार्टर पिणाऱ्याला दहा दिवस मौनात बसवायचं? आंबेमोहर, तुम्ही गंभीर आहात?

बिनपाण्याचा | मंगळवार, रात्री ९:५०

नमस्कार. मी एक मद्यपी. येत्या श्रावणात न पिता नऊ वर्षं होतील. (आयडी जुना आहे, तेव्हा विनोद म्हणून घेतला होता. ठेवलाय तसाच.)

पट्टी खाली आणायचं वाचून हसू आलं आणि अंगावर काटाही आला. आत काय होतं ते सांगतो. पडद्यावर बिअरचा ग्लास दाखवून माझ्यात काही उजळलं असतं का, शंका आहे. माझी खूण वेगळी होती. सोडाबाटली उघडल्याचा फस्स आवाज. ऑफिस सुटताना लिफ्टमध्ये भरणारी सात वाजताची गर्दी. खिशात सुट्टे शंभर-दोनशे असणं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आनंदाची बातमी. पगारवाढ झाली त्या दिवशी मी न पिता काढलेल्या दोन वर्षांची कमाई घालवली. दुःखात पितात हे लोकांना कळतं. आनंदात हात कसा जातो ते कळत नाही.

तलफ लाटेसारखी येते. वीस मिनिटं, अर्धा तास. तेवढा वेळ निघाला की ओसरते, पण त्या वीस मिनिटांत माणूस जगातला सगळ्यात हुशार वकील असतो. 'एकच', 'आज शेवटची', 'उद्या एकादशी आहे, मग नाहीच'. मला या वेळी कामी आला तो फोन. एएमध्ये (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहायची संघटना) प्रत्येकाचा एक स्पॉन्सर, म्हणजे आधी सावरलेला सोबती, असतो. माझा स्पॉन्सर रिक्षा चालवायचा. त्याला कसलाही पुरावा-बिरावा ठाऊक नव्हता. रात्री दीडलाही फोन उचलायचा एवढंच.

१९३५ मध्ये अमेरिकेत ॲक्रन गावी दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे सुरू झालं. त्यातला एक शेअरबाजारातला, दुसरा चक्क सर्जन. मेंदूतला पारा त्यांचाही कुठेतरी उतरलाच असणार की. मोजायला कुणी नव्हतं.

पारिजातक, तुमचा भाऊ यंत्राला हो म्हणतो आणि केंद्राला नाही, ते मला समजतं. यंत्र त्याला 'दारुड्या' म्हणत नाही. ते म्हणतं, मेंदूत बिघाड आहे. मला तेव्हा असं कुणी म्हणालं असतं तर मीही टोपी घातली असती.

राइनकाठ | मंगळवार, रात्री ११:०५

बिनपाण्याचा, सोडाबाटलीचा मुद्दा आमच्या लोकांनी ऐकायला हवा. सगळ्यांना तेच बिअरचे फोटो दाखवतात खरे. नऊ वर्षांबद्दल मनापासून अभिनंदन.

स्टेथो | बुधवार, सकाळी ६:३०

मी मानसोपचार क्षेत्रात आहे. वादात पडत नाही, पारिजातक यांना फक्त तीन प्रश्न. दारू रोज चालू आहे का? शनिवारच्या बैठकीआधी ती बंद ठेवायला सांगितलं आहे का? याआधी अचानक बंद केल्यावर काही त्रास झाला होता का?

पारिजातक | बुधवार, सकाळी ८:४५

सगळ्यांचे खूप आभार. बिनपाण्याचा, तुमचा प्रतिसाद वहिनीला वाचून दाखवला, आम्ही दोघी काहीच बोललो नाही नंतर.

डॉक्टर, हो, रोज चालू आहे. क्लिनिकने '४८ तास काही न घेता या, म्हणजे रीडिंग स्वच्छ येतं' असं सांगितलंय. मागच्या गणपतीत पाहुणे होते म्हणून त्याने घरीच बंद केली होती, तेव्हा दुसऱ्या दिवशी आकडी आली होती. उपाशी होता म्हणून झालं असेल, असं आम्हाला वाटलं.

स्टेथो | बुधवार, सकाळी ८:५२

ते उपाशीपोटामुळे झालेलं नसावं. कृपया हे काळजीपूर्वक वाचा.

रोज पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारूच्या ब्रेकवर चालायला सरावलेला असतो. ब्रेक एकदम काढला की गाडी सुसाट सुटते. आकडी साधारण पहिल्या ६ ते ४८ तासांत येते. त्यानंतर, दोन ते चार दिवसांत, काहींना भास होतात, वेळ-जागा कळेनाशी होते, ताप चढतो, नाडी पळते. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नसतील तर माणूस दगावू शकतो. ज्याला एकदा आकडी आली त्याला पुन्हा येण्याचा धोका जास्त. म्हणजे क्लिनिकने सांगितलेले ४८ तास हे नेमके आकडीचे तास आहेत.

घरी एकदम बंद करू देऊ नका. आजच डॉक्टरांकडे न्या, मागच्या आकडीबद्दल न विसरता सांगा. भरती करून, ठरावीक औषधं हळूहळू कमी करत आणि बी-१ जीवनसत्त्व देत दारू उतरवता येते, त्याला पाच-सात दिवस लागतात. सलाइनमधून ग्लुकोज लावायच्या आधी बी-१ गेलं का, हे बिनधास्त विचारा. न्यूरोफीडबॅक करायचं की नाही ते नंतर बघता येईल.

मृद्गंध | बुधवार, सकाळी ९:०१

पारिजातक, प्लीज आजच जा.

गावठी | बुधवार, सकाळी १०:३०

हे सगळं कशाला? आमच्याकडे एसटी स्टँडवर पाटी असते : 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा'. चहातून पूड द्यायची. मामाची सुटली होती.

स्टेथो | बुधवार, दुपारी १:१०

गावठी, त्या पुडीत बऱ्याचदा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. माहीत असलेला माणूस त्या भीतीने पीत नाही, औषधाचं काम तेवढंच आहे. ज्याला माहीतच नाही तो पिणार आणि हृदय कमकुवत असेल तर जिवावर बेतणार. नकळत देणं हा गुन्हाच समजा.

हे औषध सापडलं तेही मजेशीर आहे. कोपनहेगनचे हाल्ड आणि याकोबसेन जंतावर औषध म्हणून ते तपासत होते, आणि गोळ्या आधी स्वतः खाऊन बघत होते. पुढे कुठेतरी पेला ओठाला लावला आणि दोघांची वाट लागली. १९४८ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं.

तर्कट | बुधवार, दुपारी १:२५

स्वतः खाऊन बघणारे शास्त्रज्ञ हवेत. न्यूरोफीडबॅक विकणाऱ्यांनी आधी स्वतःचं मोबाइलचं व्यसन सोडवून दाखवावं.

ताडोबा | बुधवार, दुपारी ४:४०

मुळात दारूच बंद करा ना. आमच्या चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली, २०२१ ला उठवली. त्या सहा वर्षांत आमच्या गल्लीतली भांडणं कमी झाली होती, हे मी शपथेवर सांगतो.

खेकडा | बुधवार, दुपारी ४:५५

आणि वरोऱ्याच्या पुढे वणीला जाणाऱ्या दुचाकी वाढल्या होत्या, हे मी शपथेवर सांगतो. (आमचं सासर.)

ताडोबा | बुधवार, संध्याकाळी ५:१०

गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि बायका ती टिकवून आहेत. तिथे गावोगावी व्यसनमुक्तीची शिबिरंही होतात. बंदी आणि उपचार हातात हात घालून चालतात, एवढंच म्हणायचं होतं. सासरचं तुमचं तुम्ही बघा.

मांडवीकाठ | बुधवार, रात्री ८:२०

गोव्यातून लिहितोय, म्हणजे दारूवर बोलायचा आमचा अधिकार सिद्धच आहे. :)

यंत्राची एवढी चर्चा झाली म्हणून उलट टोकाचं सांगतो. आमच्या इथे 'संगाथ' ही संस्था आहे. त्यांनी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक चाचणी केली. समुपदेशक कोण, तर डॉक्टर नसलेले, साधे शिकवून तयार केलेले स्थानिक लोक. घातक पद्धतीने पिणारे ३७७ पुरुष घेतले. अर्ध्यांना नेहमीची सेवा, अर्ध्यांना सोबत चार बैठकांपर्यंत बोलणं. तीन महिन्यांनी बोलणं मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांचं पिणं आटोक्यात होतं, दुसऱ्या गटात २६ टक्के. फक्त मागच्या १४ दिवसांपुरतं विचारलं तर अजिबात न प्यायलेले ४२ टक्के विरुद्ध १८. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. यात पूर्ण व्यसनी झालेले लोक नव्हते, तेव्हा पारिजातकच्या भावाला ते जसंच्या तसं लागू नाही.

पण विचार करा. एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीत (अहवाल २०१९ चा) दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलातरी उपचार मिळाला होता. बाकीच्या ३७ जणांसाठी ३ टेस्लाचं चुंबक आणायचं कुठून?

चुंबकवाला | बुधवार, रात्री ९:००

आणायचं म्हटलं तरी वीज आणि हेलियम कोण देणार! आमचं यंत्र एक दिवस बंद पडलं तर तीन तालुक्यांचे पेशंट बाहेर बसतात.

ओसरी | गुरुवार, सकाळी ११:१५

मला कटू लिहायचंय, माफ करा. आमच्या ह्यांनी सगळं केलं. गोळ्या, सुई, जप, एका ठिकाणी कानाला चुंबक. प्रत्येक वेळी 'या वेळी नक्की'. आता वाटतं, त्यांना असा उपचार हवा होता ज्यात तोंड उघडून काही कबूल करावं लागणार नाही. यंत्र गप्प असतं. त्याला बायकोचे दागिने कुठे गेले ते विचारता येत नाही. आमचे हे जाऊन सहा वर्षं झाली.

म्हणून, भाऊ स्वतःहून तयार झाला यावर फार भिस्त ठेवू नका.

बिनपाण्याचा | गुरुवार, दुपारी १२:०२

ओसरीताई, तुमचं दुःख मोठं आहे, पण इथे माझं थोडं वेगळं मत. मी पहिल्या मीटिंगला गेलो तो चहा-बिस्किटं मिळतात म्हणून. खोटं कारण होतं. दाराच्या आत गेलो हे खरं होतं.

ओसरी | गुरुवार, दुपारी १२:२०

असेल. तुम्ही राहिलात, आमचे राहिले नाहीत. कारण मला अजून कळलेलं नाही.

पारिजातक | १२ दिवसांनी, रात्री १०:३०

उशिरा येतेय. बुधवारी संध्याकाळीच त्याला नेलं. स्टेथो डॉक्टरांचा प्रतिसाद फोनवरून तसाच तिथल्या डॉक्टरांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "कोण आहेत हे? बरोबर सांगितलंय." आठ दिवस भरती होता. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्या दिसत होत्या आणि तो वहिनीला झाडू माग म्हणत होता. आकडी आली नाही. हे घरी झालं असतं तर आम्ही देवऋषी शोधला असता, हे आता कबूल करते.

यकृताच्या तपासण्या बघून पुढची गोळी ठरणार आहे. क्लिनिकने नोंदणीचे पैसे परत दिले नाहीत, ठीक आहे. टोपीचं वेड अजून गेलेलं नाही. काल डॉक्टरांना विचारत होता, माझा मेंदू मला बघायला मिळेल का. त्यांनी जुन्या आकडीमुळे एमआरआय करायला सांगितला होताच, तर त्याची फिल्म खिडकीला धरून दाखवली. साधी, करडी, लाल-पिवळं काही नाही. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "यात दारू कुठे दिसत नाही गं."

ओसरीताई, तुमचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये.

बिनपाण्याचा, कोथरूडच्या बाजूला मराठीतून मीटिंग असते का? त्याने विचारलेलं नाही. मीच विचारतेय.

बिनपाण्याचा | त्याच रात्री, १०:४१

असते. पत्ता आणि वार व्यनि (खाजगी निरोप) करतो. घरच्यांची वेगळी बैठकही असते, अल-अनॉन म्हणतात, तुम्ही आणि वहिनी आधी तिथे या. तो आला तर मी दाराशी उभा असेन, निळी टोपी. इलेक्ट्रोड नाहीत.

खेकडा | त्याच रात्री, १०:४४

चहाबरोबर बिस्किटं कोणती असतात तेवढं सांगा. मित्रासाठी विचारतोय.

बिनपाण्याचा | त्याच रात्री, १०:४६

ग्लुकोज. मित्राला सांगा, साडेसातला सुरू होते, पाच मिनिटं आधी आला तर मागची खुर्ची मिळते.